शिंगाच्या पोटातलं नाव

मी शिंग बोलतोय. सोयगाव तालुक्यातल्या एका गावच्या जत्रेत मिरवणारं पितळी, मानाचं शिंग. आजवर दुसऱ्यानं फुंकलं की मी ओरडायचो. आज पहिल्यांदाच स्वतःच्या दमानं बोलतोय, तेव्हा आवाज जरा चढला तर वाईट वाटून घेऊ नका.

मुळात मी शिंग नव्हतोच. मी हंडा होतो. बानाबाई नावाच्या मेंढपाळ बाईला तिच्या बापानं मला लग्नात दिलं आणि रिवाजाप्रमाणे माझ्या अंगावर ठिपक्याठिपक्यांनी तिचं नाव घातलं. मेंढरांच्या मागं, घोड्याच्या पाठीवर बसून, मी या तळावरून त्या तळावर हिंडायचो. सुखाचे दिवस होते.

एका साली मेंढरं पाटलाच्या ज्वारीत शिरली. पाटील आपले दोन पोरगे आणि पंधरा माणसं घेऊन भरदुपारी आला आणि त्यानं तळ पेटवून दिला. लुटालूट सुरू झाली तेव्हा बानाबाई मला सोडेना. एकानं उलट्या कुऱ्हाडीचा बोथट तुंबा तिच्या डोक्यात घातला. ती माझ्यावरच कोसळली आणि तिचं रक्त माझ्या पोटात साचलं. ते तसंच हिंदकळत मला गावात नेलं. तिचं लहान पोरगं डोंगरात पळालं, म्हणून वाचलं.

पाटलाला पराक्रमाची खूण हवी होती. तांबटानं मला उभं कापलं, ठोकून सपाट केलं आणि शिंगासारखं वळवलं. बानाबाईचं नाव त्यानं मुद्दाम आतल्या बाजूला घेतलं. मेलेल्या बाईचं नाव पुसायला भ्याला असावा. बाहेरून पाटलाच्या एका पोराचं नाव कोरलं. कोणत्या, ते मी सांगणार नाही. त्या दुपारी दोघेही तिथं होते.

पुढं त्या दोन पोरांची दोन घरं झाली. एका घरात आज नानासाहेब, दुसऱ्यात इंद्रजीत. पणजोबानं हे शिंग लढाईत जिंकून आणलं, असं दोघेही छाती फुगवून सांगतात. भांडण एवढंच, की कोणाच्या पणजोबानं? ज्याचं शिंग, त्याचा जत्रेत पहिला मान. आता गंमत बघा. आपली भक्ती जास्त हे दाखवायला दोन्ही घरं दर जत्रेला मला चिंच आणि विटकरीच्या भुकटीनं खसाखसा घासायची. घासता घासता बाहेरचं नावच पुसून टाकलं शहाण्यांनी! निवाडा करणारी अक्षरं दोघांनी मिळून गटारात सोडली.

मान यांचा, पण फुंकायचा मात्र म्हातारा सोनाजी. डोंगरात पळालेल्या त्या पोराचा हा वंशज. त्याची माणसं मजुरीसाठी याच गावात परत आली होती. पोट माणसाला कुठंही परत आणतं.

गेल्या जत्रेत सोनाजीनं मला ओठाला लावलं, तोच नानासाहेब ओरडले, "आमच्या दारापुढं फुंक!" इंद्रजीत धावला, "आधी आमच्या!" दोघांनी मला दोन बाजूंनी हिसडा दिला. सोनाजीचे पुढचे दोन दात मुळासकट आले. त्याचं तोंड रक्तानं भरलं आणि हे दोघं माझी ओढाताण करत राहिले. मग लाठ्या निघाल्या. सात जणांची डोकी फुटली. सोनाजीकडं कोणी बघितलंसुद्धा नाही.

शेवटी गावानं ठरवलं, की नानासाहेबांची लेक तनुजा संभाजीनगरला विद्यापीठात जुन्या पितळी वाद्यांवर संशोधन करते, तीच सांगेल. इंद्रजीतही कबूल झाला, कारण पोरगी खोटं बोलत नाही हे त्यालाही माहीत होतं. गोधडीत गुंडाळून मी संभाजीनगरातल्या चिकलठाण्याला तिच्या खोलीवर आलो. मला तिथं ठेवून निघताना नानासाहेब तिच्या कानाशी लागले, "लिहून टाक, शिंग आपलंच हाय."

तनुजानं मला घासलं नाही. एवढ्यावरच मी तिच्यावर जीव टाकला. दातांच्या डॉक्टरकडचा चिमुकला आरसा तिनं माझ्या पोटात घातला, मोबाइलचा उजेड धरला आणि एकेक ठिपका वहीत उतरवला. नाव पुरं झालं तेव्हा तिनं वही मिटली आणि नानासाहेब, इंद्रजीत आणि सोनाजी या तिघांना खोलीवर बोलावून घेतलं.

"हे कोणाच्याच पणजोबाचं नाही," ती म्हणाली. "हा एका बाईचा हंडा आहे. आत नाव आहे, बानाबाई."

सोनाजीनं माझ्यावर हात ठेवला. "आमची बानाई," तो म्हणाला. "तळ जाळला, तिला मारली, भांडी नेली. आमच्यात समद्यांना ठावं हाय. नेली कुणी, तेवढं कुणी बोलत नव्हतं."

"गप बस!" नानासाहेब गरजले. "पुसा ते नाव!"

आणि काय सांगू, वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न बघणारी ती दोन घरं त्या क्षणी एक झाली. इंद्रजीतनं मला फरशीवर दाबून धरलं. नानासाहेबांनी ओट्यावरचा लोखंडी बत्ता उचलला आणि माझ्यावर घणाघात सुरू केले. माझा गळा चेपला, कड फाटली. तिसऱ्या घावाला तनुजानं मध्ये हात घातला. बत्ता थांबला नाही. तिची बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्या आवाजापुढं माझा जत्रेतला आवाज काहीच नव्हे. सोनाजीनं इंद्रजीतला ढकलून मला उराशी घेतलं, शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले.

ठाण्यात पंचनामा करताना हवालदार बाईंनी विचारलं, "वस्तूचा मालक कोण?"

याच प्रश्नावर सात डोकी फुटली होती. आता दोघेही खाली बघत होते.

"बानाबाई," प्लास्टरमधला हात सांभाळत तनुजा म्हणाली. "तेच लिहा."

"राहणार?"

"गाव नव्हतं, बाई," सोनाजी म्हणाला. "तळ होता. जाळला."

बाईंनी तेच लिहून घेतलं.

तेव्हापासून मी ठाण्यातल्या कपाटात आहे. चेपलेला, फाटलेला. आता कोणी फुंकलं तरी आवाज निघायचा नाही. दर सोमवारी सोनाजी सोयगावहून एसटीनं येतो. त्याला कपाट उघडून दाखवत नाहीत. तो दारातूनच विचारतो, "आमची आजी बरी हाय का, बाई?" आणि हवालदार बाई सांगतात, "बरी आहे, बाबा."

खटल्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. मला जत्रेत नेऊ नका, काचेतही ठेवू नका. त्या म्हाताऱ्याबरोबर मला घरी जाऊ द्या.