हालू नका!

कॅमेऱ्याच्या दुकानात बाई एकटी आली की तिला काय कळतंय, असं कोल्हापूरच्या ह्या दुकानदारांनी ठरवूनच ठेवलंय. मी उंबरा ओलांडते न ओलांडते तोवर उदयसिंह काउंटरमागनं ओरडला, "या काकी, या! मोबाईल बघायचाय न्हवं?"

घ्या! पस्तीस वर्षं मी फोटोग्राफरचा संसार केलाय. कागलात आमचा स्टुडिओ हाय. लग्नाचे अल्बम ह्या हातांनी चिकटवलेत, रोल धुवून दोरीवर वाळत घातलेत. आणि हा उदयसिंह, आज दुकानाचा मालक, मिसरूड फुटायच्या आधी आमच्याकडं लाईटची छत्री धरायला हुता. माझ्या हातच्या भाकरी खाऊन वाढलेलं पोरगं मलाच मोबाईल दाखवतंय!

"कॅमेरा पाहिजे," मी म्हणलं. "छोटा, खिशात मावंल असा. पण चांगला. खेळणं नको."

"कुणाला?"

"जावयाला. पहिला दिवाळसण हाय."

तोंडावर खोटं बोलले. कॅमेरा जावयाला न्हाय, माझ्या नवऱ्याला घ्यायचा हुता. पण तसं सांगायची सोयच न्हवती.

ह्यांचं नाव चनबसाप्पा. कागलापासनं पार मलकापूरपर्यंत सगळे आण्णा म्हणतात. आणि आण्णा म्हणलं की लोकांना एकच आठवतंय, 'हालू नका!' मांडवात ह्यांचा आवाज घुमला की नवरा-नवरी सोडाच, वाढपीसुद्धा भाताचं घमेलं हातात धरून जागच्या जागी थांबायचे. दोन वर्षांमागं ह्यांचा उजवा हात थरथर कापायला लागला. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका न्हाय, पण हात असाच कापणार, कापरं हळूहळू वाढणार. घरी आल्यावर ह्यांनी मला शपथ घातली. आमच्या लेकीला, शांभवीलासुद्धा सांगायचं न्हाय. "फोटोवाल्याचा हात कापतोय म्हणलं की लोक दारात उभं करणार न्हाईत," म्हणाले. झालं, मी तोंडाला कुलूप लावलं.

मोठा कॅमेरा कपाटात गेला. त्याच्या वजनानं हात जास्तच कापायचा. राहिला मोबाईल. तो धरायचा लांब हात करून, म्हणजे आगीत तेलच की! तरी घरातल्या घरात माझा फोटो काढायचे. त्यात मी भुतासारखी पुसट. मग माझ्याकडं बघून म्हणायचे, "हाललीस तू." अख्ख्या गल्लीत कुणाचं एक ऐकून न घेणारी मी, गप म्हणायची, "व्हय, हालले." दोन वर्षं हेच चाललंय.

लग्नाच्या ऑर्डरी तर एकेक करत बंदच झाल्या. "मोबाईलनं धंदा खाल्ला बघ," असं म्हणून हे दिवसभर बंद स्टुडिओच्या पायरीवर बसतात. ते बघून माझा जीव तुटतो. आणि मग रागच येतो, कुणाचा ते कळत न्हाय.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आलती. चहाचा कप लांब धरला की बशीत सांडतो. पण कोपरं बरगडीला टेकवून कप तोंडापाशी आणला की थेंब सांडत न्हाय. तवाच मी ठरवलं. कॅमेरा हलका पाहिजे आणि डोळ्याला लावायचा पाहिजे. पाडव्याला द्यायचा.

उदयसिंहनं पहिला कॅमेरा काढला तो गुलाबी. पडदा फटकन उलटा फिरवून मलाच त्यात दाखवलं.

"रील करायला एक नंबर, काकी! हे बटण हाय न्हवं, हे दाबलं की फोटो निघतो."

"होय का? मला वाटलं बटण दाबलं की पाणी येतं. डोळा कुठं लावायचा ह्याला?"

"डोळा?" तो हसायला लागला. "आता डोळा कोण लावतंय? जमाना गेला तो."

"मला लावायचाय."

"जावयाला म्हणालात की!"

"मग जावयाला डोळे न्हाईत?"

कपाळाला आठ्या घालून त्यानं दुसरा काढला. ह्याला डोळा लावायची खिडकी हुती. मी विचारलं, "हात हालला तर?"

"तरणाताठा गडी तो, त्याचा हात कशाला हालंल?"

"मोटारसायकलवर मागं बसून काढंल! तुला काय करायचंय? सांग, हात हालला तर फोटो कसा येतो?"

मग त्यानं स्वतः फोटो काढून दाखवला. "बघा, काचेसारखा आलाय." अरे, तुझ्या हाताला काय धाड भरलीय? तुझ्या हातात पत्र्याचा डबा दिला तरी फोटो नीटच येणार! मला असला राग आला की मी कॅमेरा त्याच्या हातातनं ओढूनच घेतला.

डोळा लावला, कोपरं पोटाशी धरली आणि हात कापवायला लागले. ह्यांचा हात कसा कापतो ते मला पाठ हाय. ताटात भाजी वाढताना रोज बघते. मनगटातनं निघतो, अंगठ्यापाशी जरा थांबतो, परत निघतो. तस्साच कापवला आणि रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या पाटीचा फोटो काढला. सगळी अक्षरं एकात एक.

"हा नको. दुसरा आण."

तिसरा आणला. हाताची थरथर आतल्या आत सावरून घेणारा, असं त्याचं म्हणणं. काळा, छोटा, पण हातात भक्कम. परत डोळा लावला, परत तस्साच हात कापवला. ह्या वेळी पाटीवरचा फोन नंबरसुद्धा वाचता आला.

"हाच! बांध हा," मी म्हणलं आणि वर बघितलं. उदयसिंहचं हसू कुठल्या कुठं गेलतं.

"काकी," तो हळू आवाजात म्हणाला, "हा काय जावयाचा हात न्हवं."

मी पिशवीतनं पैसे काढायला लागले. मी म्हणलं, "कुणाचा का असंना."

"आम्हाला ठाऊक हाय, काकी. सगळ्यांनाच ठाऊक हाय. आण्णांनी मलकापूरच्या लग्नाचे फोटो काढलते न्हवं, ते छापायला माझ्याकडंच आलते. निम्मे हाललेले. पार्टी भांडायला आलती, मी परस्पर मिटवलं. मग आम्ही फोटोवाल्यांनी बसून ठरवलं, ह्या वयात आण्णांची फजिती नको. त्यांच्याकडं जाणारी कामं आम्हीच आपसात वाटून घेतली."

मला पहिल्यांदा कळलंच न्हाय. आणि कळलं तसं डोकं भणाणलं.

"म्हणजे मोबाईलनं न्हाय," मी म्हणलं, "तुमी खाल्ला धंदा!"

"तसं न्हवं काकी..."

"तसं न्हवं तर कसं? पायरीवर बसून माणूस दोन वर्षं मोबाईलला शिव्या घालतोय, आणि तुमी ताटातलं उचलून आपसात वाटून घेतलंय! आणि वर उपकार केल्यासारखं तोंड! ज्यानं तुला कॅमेरा धरायला शिकवला, त्याच्या तोंडावर येऊन 'आण्णा, हात कापतोय' म्हणायला जीभ झडली हुती तुझी?"

"त्यांना वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं एक दिवस! आता रोज वाटतंय, त्याचं काय?"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं बघत हुती. बघूदेत. उदयसिंह खाली मान घालून म्हणाला, "तुमी तरी कुठं सांगितलंत कुणाला?"

"मी बायको हाय. मी झाकणारच. तुमी झाकून पोट भरलंत."

त्यानं खोकं पुढं ओढलं. कॅमेरा बांधला आणि म्हणाला, पैसे नको. मी पैसे काउंटरवर आपटले. फुकटात कॅमेरा देऊन पाप धुवायला बघतोय काय! "तुझ्या घरात पुढचं जे काय कार्य असंल," मी म्हणलं, "त्याचे फोटो आण्णा काढतील. हाललेले आले तरी भिंतीला लावायचे. आणि मी इथं आलते हे त्यांना कळलं तर बघ!" एस्टीत बसल्यावर मग रडू आलं, तेही रागाचंच.

पाडव्याला सकाळी ह्यांना पाटावर बसवून ओवाळलं. ओवाळणी खरं तर ह्यांनी द्यायची. ह्यांनी खिशात हात घालायच्या आत मीच खोकं ह्यांच्या मांडीवर ठेवलं.

उघडून बघितलं आणि भडकलेच. "हे काय? मला? पोराटोरांचा कॅमेरा? ह्या चनबसाप्पाला?"

"ओरडू नका सणासुदीचं. डोळा तर लावून बघा."

"काय बघायचंय ह्यात!" असं म्हणतच उचलला. आणि डोळा लावला तशी कोपरं आपोआप बरगडीला चिकटली. सवयच ती. मी ताट हातात घेऊन समोर उभी. हात कापत हुता, मला दिसत हुता. ह्यांनी एक डोळा मिटला, मला खिडकीत नीट मधोमध धरलं. मग एकदम ओरडले,

"हालू नका!"

बायकोला कुणी 'नका' म्हणतंय व्हय? पण ते माझ्याशी बोलतच न्हवते. ते मांडवात उभे हुते. दोन वर्षांनी ऐकला तो आवाज. माझ्या हातातलं ताट डुगडुगलं आणि तेवढ्यात त्यांनी बटण दाबलं.

पडद्यावर फोटो बघितला आणि मान हालवली. "हाललीस तू."

दोन वर्षांचं सगळं साचलेलं एकदम वर आलं. "अजिबात न्हाय!" मी ओरडले. "मी जाग्यावरनं हालले न्हाय! दरवेळी मलाच काय..." पुढचं तोंडात आलतं, ते गिळलं.

हे चिडले न्हाईत. उठून आले आणि पडदा माझ्या नाकासमोर धरला. "मागचं कॅलेंडर बघ. तिथी वाच."

वाचली. बारकी अक्षरं, तरी वाचली. कॅलेंडरचा खिळा, भिंतीचा पोपडा, देवाच्या फोटोवरचा हार, सगळं जागच्या जागी. फक्त मधोमध मी पुसट, आणि निरांजनाच्या ज्योतीची एक वाकडी रेघ.

"सगळं घर उभं हाय," हे म्हणाले. पडद्यावरचं बोट माझ्या पुसट तोंडावर आणलं. "तूच तेवढी हाललीस."

"व्हय," मी म्हणलं. "हालले की. परत काढा."