पाठमोरे मास्तर

आमच्या चिरंजीवांना कंपनीने घरी बसवलं, आणि घरी बसून बसून एके सकाळी त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "बाबा, आपण ऑनलाइन शिकवणी काढायची."

ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं. "आपण म्हणजे कोण?"

"तुम्ही शिकवायचं. जाहिरात, पालक, कॅमेरा, बाकी सगळं मी आणि ही बघू." ही म्हणजे आमची सूनबाई. तिने लगेच मान डोलावली, म्हणजे आधीच ठरलेलं होतं.

आता ह्यांच्याबद्दल सांगते. आमचे हे म्हणजे जन्मभर तिसरी-चौथीचे मास्तर. शाळेतून निवृत्त झाले आणि शिकवायला कोणी उरलं नाही, तेव्हापासून माणूस नुसता सैरभैर. गॅसची टाकी घेऊन येणाऱ्याला अपूर्णांक समजावून सांगायचे, तो बिचारा खांद्यावर टाकी घेऊन उभा. मी ओरडायचे, "अहो, जाऊ द्या त्याला!" त्यामुळे मुलाचं बोलणं ऐकून ह्यांचा चेहरा असा उजळला की मलाच भरून आलं.

"वर्ग मिळेल ना रे मला? रोजचा? तीच तीच मुलं?" ह्यांनी विचारलं.

"मिळेल काय म्हणता बाबा, तुमचाच आहे."

बस. ह्या एका वाक्यावर माणूस वीस वर्षांनी तरुण झाला. सदऱ्याच्या खिशात पुन्हा खडू आले. मी म्हटलं, अहो, तिथे फळा पडद्यावर असतो, खडू कशाला? तर म्हणे, असू दे, बरं वाटतं.

मागच्या खोलीत सूनबाईने भिंतीला निळं कापड ताणलं, गोल दिवा आणला, चाकांची खुर्ची आणली. चिरंजीवांनी सगळीकडे जाहिरात केली की रविवारी मोफत तास आहे, मुलांना बसवा आणि तुम्हीही बघा. पालक बरेच आले. पडद्यावर ही चौकटींची गर्दी! मला दाराशी उभं राहायची परवानगी होती, पण तोंड उघडायची नव्हती. "आई, तू काही बोललीस तर सगळ्यांना ऐकू जाईल," अशी तंबी मिळाली होती.

सुरुवात छान झाली. हे बोलत होते, मुलं हसत होती. मग ह्यांनी एका चष्मेवाल्या चिमुरडीला विचारलं, "बावन्नातून सतरा गेले, तर किती उरले?" आणि विचारून झाल्याबरोबर खुर्ची गर्रकन फिरवली. कॅमेऱ्याकडे पाठ, तोंड निळ्या कापडाकडे.

ही ह्यांची पद्धत. शाळेत प्रश्न विचारला की हे फळ्याकडे वळायचे आणि फळा पुसत बसायचे, पुसलेलाच पुन्हा पुसायचे. का, तर मुलाला बोटं मोजायची असतात. मोजताना कोणी बघितलं की मूल लाजतं, आणि लाजलं की चुकतं. "आपण पाठ केली की ते बिनधास्त मोजतं," असं म्हणायचे. त्यांच्या हाताखालच्या कितीतरी पोरांचं गणित ह्या पाठीमागे सुटलं. आता हे पडद्यावर कोणाला कळणार? तिथे दिसत होतं एका म्हाताऱ्याचं टक्कल आणि सदऱ्याची मळकी कॉलर.

ती पोर मात्र मोजत होती. टेबलाखाली हात, ओठ हलताहेत. इकडे पडद्याच्या बाजूला पालकांचे लेखी शेरे सुरू झाले. "सर झोपले का?" "कोणीतरी उठवा." एका बाईला तर हसूच आवरेना, ती आपली खिदळतेय. ते ऐकून चिरंजीव गडबडले आणि त्यांनी सगळ्यांचे आवाज बंद करून टाकले. तेवढ्यात ती पोर बोलली. मी तिचे ओठ बघितले. पस्तीस. बरोबर! पण आवाज बंद. ह्यांना काय ऐकू येणार?

हे आपले भिंतीला सांगताहेत, "घाई नाही बाळा. मोज. सावकाश मोज."

एकेक चौकट विझत गेली. चष्मेवालीचीही विझली. शेवटी चिरंजीवांनी तास बंद केला, तरी हे पाठमोरेच बसून होते. मी जाऊन खांद्याला हात लावला तेव्हा वळले. "काय झालं? सांगितलं का तिने?"

"सांगितलं हो. बरोबर सांगितलं," मी म्हटलं.

"मला वाटलंच होतं," म्हणाले. खूश होते.

त्यानंतर वर्ग काही सुरू होईना. हे रोज अंघोळ करून, सदरा घालून मागच्या खोलीत जाऊन बसायचे. विचारलं की चिरंजीव म्हणायचे, चालू आहे बाबा, जमवाजमव चालू आहे. आत काय शिजतंय त्याचा ताकास तूर लागू देत नव्हते. पण फोन वाजायला लागले, सूनबाई पालकांशी गोड गोड बोलायला लागली, आणि दोन तरुण मुली शिकवायला नेमल्याचंही माझ्या कानावर आलं.

त्याच सुमारास रस्त्यावरच्या पोरांनी नवा खेळ काढला. हे दिसले की पोरं गर्रकन पाठ फिरवायची आणि घोरायची. ह्यांना वाटलं, गंमत आहे. घरी येऊन कौतुकाने सांगायचे, "अगं, मला बघून खेळतात." मला तेव्हाच शंका आली होती.

उलगडा केला न्हाव्याने. ह्यांच्या गालाला साबण लावून त्याने मोबाईल समोर धरला. "मास्तर, हे तुम्हीच ना?" जाहिरात होती. त्यात ह्यांची पाठ, आणि त्यावर मागून घातलेला घोरण्याचा आवाज. खाली मोठ्या अक्षरांत, 'तुमच्या मुलाचे सर असे आहेत का? वेळीच जागे व्हा!' मग त्या दोन मुली टाळ्या वाजवत पाढे म्हणताना, आणि शेवटी आमच्या चिरंजीवांचा हसरा फोटो.

हे घरी आले ते एक गाल गुळगुळीत, एक खरखरीत. न्हाव्याला पुरं करू दिलं नव्हतं. मला म्हणाले, "घोरण्याचा आवाज नको होता गं घालायला. मी जागा होतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी चिरंजीवाला उभा-आडवा घेणार होते, पण हे म्हणाले, तू गप्प बस, मी बोलतो. आणि बोलले काय, तर, "माझ्या वर्गाचं काय झालं रे?"

शरम वाटावी ना? छे! त्याचे डोळे चमकले. "बाबा, ती जाहिरात तुफान चालली. सगळे दुसरा भाग मागताहेत. तुम्ही फक्त एकदा तसेच बसा, पाठ करून. ते झालं की तुमचा वर्ग."

आणि आमचा हा भोळा सांब तयार झाला! मी हात जोडले, "अहो, नका बसू." तर म्हणे, "पाठच तर दाखवायचीय. वर्ग देतोय ना तो."

झालं. पुन्हा तो दिवा, तेच निळं कापड. ह्यांनी खुर्ची फिरवली. सूनबाईने जवळ जाऊन खांद्यावर पांढरी पूड भुरभुरवली, धुळीसारखी दिसावी म्हणून. दोघं नवरा-बायको तोंड दाबून हसत होती. झालं म्हटल्यावर हे तसेच पाठमोरे म्हणाले, "मग वर्ग उद्यापासून?"

चिरंजीव मोबाईलमध्ये बघत होता. "बाबा, असं काय करता? आता तुम्हाला सगळे पालक ओळखतात. तुम्हाला वर्गावर कसं उभं करणार? लोक हसतील."

मग मीच तोंड उघडलं. तंबी गेली खड्ड्यात.

"अरे मेल्या, ही पाठ कुणासाठी फिरवली त्यांनी पहिल्यांदा, ठाऊक आहे? तुझ्यासाठी! तिसरीत होतास, त्यांच्याच वर्गात. तुला बोटांशिवाय साधी वजाबाकी येत नव्हती. पोरं हसली म्हणून बाकाखाली शिरून चड्डी ओली केलीस. दुसऱ्या दिवसापासून तुझा बाप फळ्याकडे तोंड करून उभा राहायला लागला, तू मोजावंस म्हणून! आणि त्याच पाठीवर आज पूड मारतोस?"

माझा आवाज फाटला होता. सूनबाईने मान खाली घातली. चिरंजीव माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता रडेल. आता जाऊन बापाचे पाय धरेल.

"आई," तो म्हणाला, "हे कॅमेऱ्यासमोर बोलशील? अगदी अस्संच? चड्डीचं सोडून."

आपलेच दात, आपलेच ओठ, कुणाला सांगणार?

हे वळले नव्हते. निळ्या कापडाकडे तोंड करून बसले होते, पांढरी पूड तशीच खांद्यावर. मी खुर्ची फिरवायला गेले तर त्यांनी पाय जमिनीवर घट्ट रोवले. मग अगदी वर्गातल्या आवाजात म्हणाले, "राहू दे गं. त्याला वेळ दे. घाई नाही बाळा. सावकाश मोज. मी बघत नाही."

चिरंजीवाने मान हलवली आणि मोबाईलवर आलेली नवी नावं मोजायला लागला. बोटांवर.