सुंदरबाईचं ऑपरेशन, मोनाचं कर्ज

सुंदरबाईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन भंडाऱ्याच्या एका खाजगी दवाखान्यात झालं, तेव्हा घरात पगाराची पावती एकट्या सुनेकडे, मोनाकडे होती. मुलगा चंद्रकुमार राइस मिलमध्ये रोजीवर जायचा. म्हणून दवाखान्यातच टेबल टाकून बसलेल्या फायनान्स कंपनीच्या माणसानं नव्वद हजारांचं कर्ज मोनाच्या नावावर केलं. मोना भंडाऱ्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती, शहापूरहून रोज बसनं जायची.

सासूच्या सेवेत तिचे दोन महिने बिनपगारी गेले आणि हप्ते चुकले. पुढे सोनोग्राफी, गोळ्या यांत आणखी काही चुकले. कर्जाची मुदत संपली तरी एकतीस हजार बाकी होते, वर सहा हजार दंड. सासूला तिनं यातलं काहीच कळू दिलं नाही.

शहापुरातच रक्ताचे नमुने घ्यायचं सेंटर टाकावं म्हणून तिनं बँकेत अर्ज केला. तो नामंजूर झाला. बँकेतल्या मॅडमनं सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींचा आणि त्यावरून पडणाऱ्या गुणांचा रिपोर्ट समोर ठेवून समजावलं, आधी थकबाकी पूर्ण भरा, मग या. घरी येऊन मोना एवढंच म्हणाली की फाइल अडकली आहे.

एका शनिवारी दुपारी मोना ड्युटीवर असताना कंपनीचा वसुलीवाला योगेंद्र घरी आला. सुंदरबाई अंगणात धान वाळवत होती. तिनं त्याला खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि एकेक करत सगळं विचारून घेतलं. योगेंद्र बोलायला नरम होता. वीस हजार एकदम भरा, बाकीचं कंपनी सोडून देईल, असं तो जाताना सांगून गेला. धानाचे चौतीस हजार सुंदरबाईच्या खात्यात नुकतेच आले होते. सौदा तिला पटला.

संध्याकाळी मोना आली, तसा सुंदरबाईनं चहाचा कप पुढे केला आणि विचारलं, "काहून सांगितलं नाही मले?"

मोनानं खांद्यावरची पर्स उतरवून कप हातात घेतला. मग म्हणाली, तुम्ही उठून चालायला लागल्या होत्या, तेवढंच पुरे वाटलं. पण वीस हजारांच्या गोष्टीला तिनं साफ नकार दिला. "वीस दिले तर माझ्या नावापुढं 'सेटल्ड' लिहून येते, आई. म्हणजे हिनं पूर्ण पैसे दिले नाही. पुढं कितीही वर्षांनी कर्ज मागाले गेली, तर बँक तेच पाहते."

सुंदरबाईनं थोडा विचार केला. "मंग पुरे देऊ. पोट माझं होतं, नाव तुझं काहून खराब होऊन राहिलं?"

सोमवारी दोघी भंडाऱ्याला कंपनीच्या ऑफिसात गेल्या. मॅनेजरला सुंदरबाईनं दंडाची एकेक रक्कम वाचून दाखवायला लावली. चेक परत गेल्याचे इतके, उशिराचे इतके, घरी माणूस पाठवल्याचे इतके.

"मुद्दल देतो, व्याज देतो, आजच देतो," ती म्हणाली. "दंड सोडा, अन् कर्ज पूर्ण फिटलं असं लिहून द्या. सेटल नाही लिहाचं."

मॅनेजरनं नागपूरच्या मोठ्या ऑफिसला फोन लावला. तासाभरानं उत्तर आलं. दंडातले पाच हजार माफ झाले, एक हजार राहिला. पत्रात काय लिहिणार ते मोनानं आधी मेलवर मागवलं, शब्द न शब्द वाचला, तेव्हाच बत्तीस हजार भरले. आठ दिवसांत कर्ज फिटल्याचा दाखला हातात आला.

दीड महिन्यानं तिनं रिपोर्ट काढला, तर त्यात थकबाकी तशीच दिसत होती. ती घाबरली नाही. दाखला जोडून ऑनलाइन तक्रार टाकली आणि महिन्याच्या आत कर्जापुढे 'बंद' अशी नोंद आली. जुने चुकलेले हप्ते मात्र पुसले गेले नाहीत. ते दिसणारच होते. पण सिबिलच्या गुणांचा आकडा हळूहळू वर सरकला.

आठ महिन्यांनी ती पुन्हा बँकेत गेली, सासूला सोबत घेऊन. मॅडम म्हणाल्या, सुधारणा चांगली आहे, पण सहकर्जदार भक्कम हवा. सुंदरबाईच्या नावावर पीककर्ज होतं. अकरा वर्षं ती ते दर मार्चच्या आत भरत आली होती. मॅडमनी तिचाही रिपोर्ट काढला. मोनाचा आकडा सहाशे चौऱ्याण्णव, सुंदरबाईचा सातशे एक्याऐंशी.

सुनेनं हप्ते चुकवले तर बँक तुमच्या दारात येईल, असं मॅडमनी दोनदा बजावलं.

"समजलं," सुंदरबाई म्हणाली. "सही कुठं करू?"

दोन लाख मंजूर झाले. परतीच्या बसमध्ये मोना फ्रिज आणि मशीनचा हिशेब मांडत होती, गाळा हायवेच्या कोणत्या बाजूला घ्यावा ते बोलत होती. सुंदरबाईनं तिला आपला आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला. मग शेजारच्या सीटवर गावचीच एक बाई होती, तिच्याकडे वळून सांगू लागली, "बँकेत माझे सातशे एक्याऐंशी हायेत. हिच्यापेक्षा जास्त."