आकाश न पाहिलेली चुंबकसुई

मी एक जुनी चुंबकसुई आहे. मित्रांनो, सुई म्हटल्यावर तुम्हाला बटण लावायची सुई आठवली असेल. पण मला नेढेच नाही. मला रेशमाच्या दोऱ्याने मधोमध टांगले आहे. माझे घर म्हणजे काचेच्या झाकणाची एक लाकडी पेटी. तिला लोखंडाचा एकही खिळा नाही, सगळे स्क्रू पितळेचे आहेत, कारण लोखंड जवळ आले की माझे चित्त थाऱ्यावर राहत नाही.

मला एका म्हाताऱ्या कारागिराने घडवले. त्याने पोलादाची पट्टी तासली, मोठ्या चुंबकावर एकाच दिशेने पुन्हा पुन्हा घासली आणि टांगून पाहिली. मी गर्रकन फिरले आणि उत्तरेकडे तोंड करून थांबले. "झालं! आता ही कुणाच्या बापाचं ऐकायची नाही," असे म्हणून तो हसला. मग मला दूर उत्तरेकडच्या एका गावाजवळ, टेकडीवरच्या छोट्या वेधशाळेत पाठवले. तिथे हिवाळ्यात सूर्य लवकर मावळतो आणि कधी कधी आकाशात ध्रुवीय प्रकाश उजळतो. तो हिरवा असतो, क्वचित तांबूसही असतो, असे मी ऐकून आहे.

सूर्यावर वादळ झाले की त्याचा धक्का पृथ्वीच्या चुंबकत्वाला बसतो. माणसांना तो कळत नाही, मला कळतो. मी थरथरत बाजूच्या तारेला टेकले की भिंतीवरची घंटा वाजे. मग निरीक्षकबाई येत, मला निरखून पाहत, दारात जाऊन ढग बघत आणि मगच गावातल्या हॉटेलांना फोन करत. प्रकाश बघायला आलेले पाहुणे तोवर त्यांना भंडावून सोडत.

"बाई, आज किती वाजता सुरू होणार?"

"अहो, तो काय सिनेमा आहे? आधी सुई हलू दे, ढग हटू देत. पौर्णिमेला येऊच नका, चंद्राच्या उजेडात सगळं फिकं पडतं. रस्त्यावरच्या दिव्यांपासून लांब, तळ्याकाठी जा, उत्तरेकडे बघत थांबा. आणि लगेच कंटाळू नका!"

लोक माझे तोंडभरून कौतुक करत. पण घंटा वाजली रे वाजली की सगळे कोट चढवून बाहेर पळत आणि दार धाडकन लागे. माझ्या खोलीला खिडकी नव्हती. ज्याची वर्दी मी द्यायची, ते मी कधीच पाहिले नाही. लोक परत आले की हात चोळत गरम चहा मागत. आपण काय पाहिले, हे मला सांगायचे कुणाला सुचले नाही. मला फार एकटे वाटे.

एका हिवाळ्यात बाईंचा धाकटा भाऊ आला. तो शिंपी होता आणि त्याची नजर अधू होत चालली होती. कडेचे दिसेनासे झाले होते, अंधारातले तर फारच कमी दिसे. पुढच्या हिवाळ्यापर्यंत नजर टिकेल याची डॉक्टरांना खात्री नव्हती. "ताई, एवढं एक बघून घ्यायचंय," असे म्हणून तो थोड्या दिवसांची सुटी काढून आला होता.

माझ्या खोलीबाहेर एक लाकडी तबक असे. आत येणाऱ्याने किल्ल्या, घड्याळ, चाकू, सगळे त्यात ठेवायचे. बाई भल्याभल्या साहेबांचाही बक्कलवाला पट्टा उतरवून घेत. भावाने किल्ल्या ठेवल्या, घड्याळ ठेवले. पण कोटाच्या आतल्या खिशात धागे कापायची छोटी कात्री होती, तिची त्याला आठवणच झाली नाही. शिंप्याला ती आपल्या बोटांसारखीच वाटत असावी. आणि सख्ख्या भावाचे खिसे कोण तपासणार?

तो खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला की मी त्याच्याकडे ओढली जाई आणि घंटा घणघणे. दोघे बाहेर धावत. आकाश काळेभोर! दुसऱ्या दिवशीही तेच. एकदा बाईंनी गावात फोन केला. पाहुणे तळ्याकाठी जाऊन नाके लाल करून परतले. "बाई, तुमच्या सुईला पेन्शन द्या आता," असे त्यांनी ऐकवले. बाईंनी रागाने माझ्या घंटेची तार काढून टाकली. अहो, खिसा बघा, खिसा! मला ओरडून सांगायचे होते, पण मला तोंड कुठे आहे?

शेवटच्या संध्याकाळी बॅग भरून तो माझ्याकडे आला. त्याने वाकून पाहिले, मी वळले. "माझ्याशीच का गं वैर तुझं?" असे म्हणत तो मागे सरकला, मी परत फिरले. तो पुन्हा पुढे आला, मी पुन्हा वळले. त्याचा हात सावकाश खिशात गेला.

"ताई, अगं, माझी कात्री!"

"कात्री? म्हणजे इतके दिवस तू कात्री घेऊन बसत होतास?" बाईंना हसावे की रडावे कळेना.

कात्री तबकात ठेवून तो परत आला. आता मी शांत व्हायला हवे होते. पण मी पहिल्यापेक्षा जास्त हेलकावत होते.

"आता काय आहे खिशात?"

"काही नाही गं. आईशप्पथ!"

बाईंनी कोटसुद्धा घेतला नाही. भावाचा हात धरून त्या धावत सुटल्या. या वेळी दार उघडेच राहिले.

"कुठंय? ताई, कुठंय?"

"वर बघ. अजून वर. जरा डावीकडे."

माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

"दिसलं! ताई, हलतंय गं ते!" आणि तो मोठ्याने रडू लागला.

पुढच्या हिवाळ्यात तो आला तेव्हा त्याचे डोळे गेले होते. बाईंनी माझी तार पुन्हा जोडली होती. घंटा वाजली, सगळे धावले. तो मात्र खुर्चीतून उठला नाही. "तू जा ताई, मी हिच्याजवळ बसतो," तो म्हणाला. मग त्याने माझ्या काचेवर तळहात ठेवला.

"तू कधी बघितलंच नसशील ना गं? मग ऐक. कापडाचं ठाण झटकून उलगडावं ना, तसं ते आकाशभर सरसर पसरत जातं. काठ कुठं संपतो, कळतच नाही."

तो बोलत राहिला आणि मी ऐकत राहिले.

त्यालाही आता खूप वर्षे झाली. बाई निवृत्त झाल्या. प्रकाश कधी, कुठे दिसेल, ते पाहुण्यांचे मोबाईलच सांगतात. मी कपाटात धूळ खात पडले आहे. सूर्यावर वादळ झाले की अजूनही थरथरते; कुणाला कळत नाही. मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. आकाश उजळले की जरूर धावा. पण धावता न येणारे कुणी तुमच्या घरात असेल, तर परत आल्यावर त्याच्याजवळ बसा आणि काय पाहिलेत ते नीट, सावकाश सांगा. मी त्या एका संध्याकाळच्या बोलण्यावर अजून जगते आहे.