न उघडलेलं रिव्हॉल्व्हर

ऑर्विल बंदुकांच्या दुकानात शिरला की दुकानदार वेंडेलच्या कपाळाला आठ्या पडायच्या. मोंटानाच्या त्या आडगावात जुनी पिस्तुलं, रिव्हॉल्व्हरं घेणारे पुष्कळ होते, पण इतकं चिकट गिऱ्हाईक दुसरं नव्हतं. खिशातली विजेरी काढून हा नळीत डोकावणार, गोळ्यांचं चक्र हलवून हलवून पाहणार, डोळे मिटून घोडा हळूहळू ओढत त्याचा आवाज ऐकणार आणि शेवटी नाक मुरडणार. बाहेर पिकअपमध्ये बसलेली त्याची बायको एल्सी कंटाळून हॉर्न वाजवायची. "येतो गं, येतो," असं ओरडून हा पुन्हा विजेरी पेटवायचा.

एल्सी हिवाळ्याच्या तोंडी गेली. त्यानंतर ऑर्विलने गुरं विकून टाकली, गावात येणंही सोडलं. दुकानात तो आज पहिल्यांदाच आला होता.

"ते दे," काचेखालच्या एका रिव्हॉल्व्हरकडे बोट दाखवत तो म्हणाला.

"काढ बाबा विजेरी. घाल माझी दुपार वाया."

वेंडेलने चक्र उघडलं, रिकामं असल्याचं दाखवलं आणि मिटून रिव्हॉल्व्हर त्याच्या हातात दिलं. इथली रीत अशी, की देणाऱ्याने आत्ताच उघडून दाखवलं असलं तरी घेणाऱ्याने पुन्हा स्वतः उघडून बघायचं. देणारा बाप असो नाहीतर पाद्री. गावच्या पोरांना ही रीत शाळेच्या तळघरात भरणाऱ्या बंदूक-शिक्षणाच्या वर्गात ऑर्विलनेच शिकवली होती, वेंडेलच्या दोन्ही मुलींनासुद्धा. विसरणाऱ्याला तो सगळ्यांदेखत फाडून खायचा.

आज त्याने ते उघडलंच नाही. काउंटरवर ठेवून तो पाकीट काढू लागला. "चिठ्ठीवर लिहिलीय तीच किंमत घे."

वेंडेलच्या ध्यानात आलं. वस्तू टिकेल की नाही याची ज्याला फिकीर नाही, त्याला ती फार दिवस वापरायची नसते. विक्री नाकारायचा वेंडेलला हक्क होता, पण जन्माच्या मित्राला तोंडावर सांगायचं कसं? मग त्याने थाप मारली.

"हे नको घेऊस. चक्र ढिलं झालंय, नीट अडकत नाही."

"चालेल."

"चालेल? हे तू म्हणतोस?"

ऑर्विलला राहवेना. अंगात मुरलेली खोड ती, जाणार कुठे? त्याने रिव्हॉल्व्हर उचललं, उघडून सगळी घरं पाहिली, मिटलं, घोडा ओढला आणि अंगठ्याने चक्र हलवून बघितलं. ते जागचं हललं नाही.

"ठणठणीत आहे. खोटारडा लेकाचा."

"हो, खोटं बोललो. आणि तुला हे विकणारही नाही." "ऑर्विल, जीव द्यायचं चाललंय ना तुझ्या मनात?"

ऑर्विलने रिव्हॉल्व्हर काउंटरवर ठेवलं.

"घरातल्या सगळ्या बंदुका एल्सीने पुसून ठेवलेल्या आहेत रे," तो म्हणाला. "त्यांना हात लावायचा धीर होईना. म्हणून इथे आलो."

वेंडेलचे डोळे भरून आले. ते लपवायच्या भानगडीत तो पडला नाही. "मग त्या आपण आत्ताच जाऊन घेऊन येऊ. माझ्या तिजोरीत राहतील, तुझ्याच आहेत. आणि तू आमच्याकडे राहायचंस. बायको भांडकुदळ आहे माझी, तुला शांतता मिळायची नाही."

ऑर्विल हसला नाही, हललाही नाही. वेंडेलने रिव्हॉल्व्हर काचेखाली ठेवलं, सगळ्या कपाटांना कुलपं घातली, दारावरची पाटी 'बंद'कडे फिरवली आणि बाहेर ऑर्विलच्या पिकअपमध्ये एल्सीच्या जागेवर जाऊन बसला. काचेतून म्हातारा दिसत होता, काउंटरपाशी तसाच उभा. वेंडेलने वाट पाहिली. शेवटी न राहवून त्याने हात लांब केला आणि हॉर्न दाबला.

"येतो गं, येतो," आतून आवाज आला.

आणि त्यापाठोपाठ ऑर्विलचा हुंदका ऐकू आला. एल्सीला पुरलं तेव्हाही तो रडला नव्हता.