सकाळच्या गोळीची ओळ

जरा असे पुढे सरकून बसा. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगतो. फार मोठी नाही, पण मन लावून ऐका.

त्याची लेक फोन पुढे धरून बसली होती. "बाबा, हे तिसरं ॲप. यात रंग आहेत, घंटी आहे. आईला गोळी दिली की तिच्या ओळीवर इथे बोट लावायचं."

म्हाताऱ्याने बोट लावलं. ओळ नाहीशी झाली.

"कुठे गेली?"

"काम झालं ना, म्हणून गेली."

"त्या दिवशीही अशीच गेली. मला वाटलं, लिहिलंच नव्हतं. पुन्हा लिहिली, पुन्हा गोळी दिली."

पलंगावरून त्याची बायको म्हणाली, "आणि मीही शहाणी, गिळली. म्हटलं, इतक्या प्रेमाने देतायत!"

त्या दिवशी त्या दुसऱ्या गोळीने तिचा रक्तदाब फार उतरला होता, शुद्ध हरपली होती. देवाच्या दयेने निभावलं. पण लेकीने बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर आईला मी घेऊन जाणार. आणि लेकीच्या घरात जागा एकाच माणसाची.

शेवटी लेकीने फोनमध्येच एक कोरं पान उघडलं. नुसती अक्षरं उमटायची. "याला काहीच येत नाही, बाबा."

"मग जमेल," आई म्हणाली. "लग्नात यांना तरी काय येत होतं?"

तेव्हापासून तो निजण्यापूर्वी उद्याची ओळ लिहून ठेवी: सकाळची गोळी. दिली की पुढे लिहायचा, 'झालं'. एकदा लेक जुन्या ओळी पुसायला गेली, तर त्याने तिचा हात धरला.

"लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना आम्ही बंद केलेल्या स्विचवर पाटी टांगायचो, 'माणूस आत आहे'. ज्याने टांगली त्यानेच काढायची. साहेब आला तरी हात लावायचा नाही."

गोळी पुन्हा चुकली नाही. आई त्याच घरात, त्याच पलंगावर राहिली. आणि एका पहाटे झोपेतच गेली.

सगळं आटोपल्यावर लेकीने फोन हातात घेतला. शेवटची ओळ होती, सकाळची गोळी. पुढे कोरं.

"बाबा, ही पुसू?"

"नको." त्याने फोन मागून घेतला. "पाटी माझी आहे."

मग तो उठला आणि रिकाम्या पलंगावरची चादर ताणून नीट केली.

उद्या आजारी माणसाला गोळी द्याल, तेव्हा एवढं करा: दिल्याबरोबर लिहून ठेवा. नवरा प्रेमाने देतोय म्हणून दुसरीही गिळणारी ती बाई आठवा.