आंबट रान

"बांध ओलांडलास तर तंगडं मोडीन!" काका काठी उगारून धावला.

"मोडा की. एक माणूस मारून हात बसलाच आहे तुमचा," थोरली पुतणी म्हणाली आणि जागची हलली नाही.

याच बांधावर गेल्या हंगामात काकाने सख्ख्या थोरल्या भावाच्या, म्हणजे तिच्या बापाच्या, डोक्यात फावडं घातलं होतं. भावाच्या रानातला पाला खाऊन काकाच्या शेळ्या तोंडाला फेस येऊन, पाय झाडत मेल्या होत्या. "मी काही घातलं नाही रे," भाऊ सांगत राहिला. दुसऱ्या घावाला तेही थांबलं. आता काका जामिनावर सुटला होता आणि चक्कीवर बसून सांगत होता, "त्याने मुक्या जिवांना विष घातलं. मी काय, आरती ओवाळू?" लोकही माना डोलवत. मेलेल्याची बाजू कोण घेतो!

बापाचं मरण थोरलीने गिळलं होतं. विष घातल्याचा हा आळ मात्र घशाखाली उतरत नव्हता.

"ताई, बाजूला हो," मागून धाकटा भाऊ म्हणाला. त्याच्या हातात कोयता होता.

"खाली धर तो. तुला आत पाठवून मला काय मिळणार?"

आरडाओरड ऐकून माणसं जमली. सगळ्यांत पुढे चक्कीवाला. त्याला बघून काकाला जोर चढला.

"तुम्हीच न्याय करा! मुळं खाणाऱ्या हुमणीसाठी दोघांनी एकाच डब्यातलं दाणेदार औषध घातलं, एकाच दिवशी. पुढे माझ्या रानात शेळ्या चरल्या, ठणठणीत राहिल्या. त्याच्या रानात शिरल्या अन् मेल्या. म्हणजे मागून ताजं घातलं की नाही? बोल, शिकलेली ना तू?"

थोरलीने सोबत आणलेली शिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, बाटली उघडली. काकाच्या मातीवर धार धरली. माती फसफसून उठली. बापाच्या मातीवर धरली. ती गुपचूप पिऊन बसली.

"चुनाभट्टीची धूळ रानात उडते म्हणून तुम्ही भट्टीवाल्याच्या सात पिढ्या उद्धरता, काका. पण शिरका फसफसला तो त्याच चुन्याने, आणि त्यानेच तुमचं रान आंबट होण्यापासून वाचवलं. अशा मातीत औषध खाऊन संपवणारे जिवाणू फोफावतात. आमची माती आंबट. तिथे ते धड जगत नाहीत. औषध तसंच राहतं, मुळातून पाल्यात चढतं." तिने बाटलीला बूच लावलं. "आंबट बाबांनीच केली. पोत्यांवर पोती पांढरा युरिया ओतून. मी सांगायचे, ते हसायचे. पण विष घातलं नाही त्यांनी."

"पुस्तकातले किडे!" काका खिंकाळला. "कुणाला दिसले का रे?"

लोक हसले.

"किडे नाही, तुमच्या मागे उभा हा तुमचा बोकड तर दिसतो ना? सोडा त्याला बाबांच्या रानात. बाबा गेले तेव्हापासून इथे कुणी पाय टाकलेला नाही. आधी पोलिसांची बंदी होती, सुटल्यापासून काठी घेऊन तुम्हीच राखण करताय. मग ताजं विष कोण घालणार? मेलेला माणूस?"

काकाने बोकडाला जवळ ओढलं.

"सोड की," चक्कीवाला म्हणाला. "तुझ्याच बोलण्याप्रमाणे, भ्यायचं कारण काय?"

चारचौघांत माघार घेईल तो काका कसला! त्याने बोकडाच्या ढुंगणावर लाथ घातली. बोकड बांधापलीकडे जाऊन अधाशासारखा चरू लागला. कुणीतरी जांभई दिली. मग बोकडाचे गुडघे दुमडले. मान पाठीकडे वळली, नाकातोंडातून फेस उसळला, खुरांनी माती उकरली गेली. काका धावला, त्याच्या जबड्यात बोटं घालून पाला ओढू लागला, थपडा मारू लागला. "ऊठ! ऊठ रे!"

बोकड ताठला.

काका तिथेच बसला. काठी धाकट्यापुढे फेकून म्हणाला, "मार मला."

धाकट्याने कोयता उचलला. थोरलीने पातंच धरलं. तळवा फाटला, रक्त मनगटावर आलं, पण मूठ सुटली नाही.

"याला मारलंस तर बाबांचं खरं होतं हे सांगायला कोण उरेल?" ती म्हणाली. मग काकाकडे वळली. "उठा. सांगा यांना."

काकाचे ओठ हलले. "दादाने... काही घातलं नव्हतं."

"मोठ्याने," थोरली म्हणाली. "मागच्यांना ऐकू आलं नाही."